प्रॉक्सीचं पॅकेट बाहेर पडताना पत्ता कोणाचा लावतं?

वाचकांचे प्रश्न : सर्व्हर आणि नेटवर्क

दोन-दोन नेट लाइन असलेल्या सर्व्हरबद्दल इंदूरहून एकदम बरीच पत्रं आली, म्हणून या अंकात तीच एकत्र घेतलीय. प्रॉक्सी म्हणजे आपल्या वतीने दुसऱ्या सर्व्हरशी बोलणारा मधला प्रोग्राम, पॅकेट म्हणजे नेटवरून जाणारा डेटाचा तुकडा, आणि त्यावर पाठवणाऱ्याचा म्हणजे सोर्स पत्ता असतो. वाचकांचे खरे पब्लिक पत्ते बदललेत. १९८.५१.१०० आणि २०३.०.११३ ने सुरू होणारे पत्ते २०१० च्या आरएफसी ५७३७ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांची कागदपत्रं) फक्त उदाहरणांसाठी राखून ठेवलेले आहेत, तेव्हा जसेच्या तसे कॉपी करू नका, आपले टाका.

प्रश्न : ताई, नमस्कार. आमचं देवास नाक्याला ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. एकच उबुंटू सर्व्हर, त्यावर स्क्विड हा प्रॉक्सी, आणि सगळ्या पीसींचा गेटवेही (बाहेर जायचं दारही) तोच. सर्व्हरला तीन कार्डं, एकावर ऑफिसची लॅन १९२.१६८.१०.५, दुसऱ्यावर पहिल्या कंपनीची लाइन १९८.५१.१००.१०, तिसऱ्यावर दुसऱ्या कंपनीची २०३.०.११३.१८. डिफॉल्ट रूट (वेगळं काही सांगितलं नसेल तेव्हा जायचा रस्ता) पहिल्या लाइनचा. आमच्या बँकेच्या पोर्टलने फक्त २०३ वाला पत्ता मंजूर केलाय. म्हणून मी स्क्विडला २०३ वाल्या पत्त्यावर ३१२९ पोर्ट उघडून दिला आणि अकाउंट्सच्या ब्राउझरमध्ये तोच प्रॉक्सी टाकला, तरी बँकेला १९८ च दिसतो. मग स्क्विडमध्ये आउटगोइंग अ‍ॅड्रेस (बाहेर जाताना लावायचा पत्ता) २०३ वाला लिहिला तर पोर्टल उघडेचना, नुसतं फिरत राहतं आणि शेवटी टाइमआउट. एकाने सांगितलं आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉलमध्ये) स्नॅट, म्हणजे जाणाऱ्या पॅकेटचा सोर्स पत्ता बदलणारा नियम, लावा, ते लावलं, तरी तेच. नक्की अडलंय कुठे?
— एक वाचक, देवास नाका

उत्तर : तुम्ही केलेल्या तीन गोष्टींपैकी मधली, म्हणजे आउटगोइंग अ‍ॅड्रेसची, अगदी बरोबर आहे, फक्त ती अर्धी आहे आणि उरलेलं अर्धं स्क्विडमध्ये नाहीच, ते कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) राउटिंगमध्ये, म्हणजे रस्ता निवडण्यात आहे. पॅकेटवर सोर्स पत्ता कोणता लागणार आणि ते पॅकेट कोणत्या लाइनने जाणार हे दोन वेगळे निर्णय आहेत, आणि एक घेतला म्हणजे दुसरा आपोआप झाला असं होत नाही. हे एकदा नीट बसलं ना डोक्यात, की तुमचा सगळा गोंधळ सुटतो.

आधी पहिला प्रयत्न का फसला ते बघू. प्रॉक्सी पॅकेट पुढे ढकलत नाही. ब्राउझरचं कनेक्शन स्क्विडपाशी संपतं आणि स्क्विड बँकेकडे स्वतःचं नवं कनेक्शन उघडतो, दोन्हींचा एकमेकांशी संबंध फक्त स्क्विडच्या मेमरीत असतो, कर्नलला त्यातलं काही माहीत नसतं. त्यामुळे रिक्वेस्ट २०३ वाल्या पत्त्यावर आली काय किंवा लॅनच्या पत्त्यावर आली काय, बाहेर जाणाऱ्या कनेक्शनला काही फरक पडत नाही. स्क्विडने नवं सॉकेट (कनेक्शनचं आपल्याकडचं टोक) उघडताना बाइंड करून, म्हणजे आधीच बांधून, पत्ता दिला नाही तर कर्नल आधी राउटिंग टेबल बघतो, बँकेकडे जायचा रूट शोधतो, त्या रूटवर सोर्स लिहिलेला असेल तर तो घेतो, नसेल तर त्या रूटच्या कार्डावरचा, गेटवेच्याच सबनेटमधला (पत्त्यांच्या गटातला) प्रायमरी पत्ता घेतो. म्हणजे इथे रस्ता आधी ठरतो आणि पत्ता त्याच्या मागून. तुमचा डिफॉल्ट रूट पहिल्या लाइनचा, म्हणून पत्ता १९८ वाला.

आता दुसरा प्रयत्न. आउटगोइंग अ‍ॅड्रेस लिहिला की स्क्विड सॉकेट २०३.०.११३.१८ ला बाइंड करतो, मग कर्नल पत्ता निवडत बसत नाही, दिलेला तोच लावतो. पण रूट शोधताना तो मुख्यतः कुठे जायचंय तेच बघतो, तुम्ही वेगळा नियम घातला नसेल तर सोर्स विचारात घेतच नाही. परत डिफॉल्ट रूट, परत पहिली लाइन, फक्त आता पॅकेटवर दुसऱ्या कंपनीचा पत्ता. कुरिअरच्या पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता बदलला म्हणून कुरिअरची गाडी दुसऱ्या रस्त्याने जात नाही, तसं. आणि पहिल्या कंपनीच्या राउटरने बघितलं की या ग्राहकाकडून भलताच सोर्स येतोय, त्याने पॅकेट टाकून दिलं. यात त्यांची काही चूक नाही हो, खोट्या सोर्सचे हल्ले थांबवायला प्रोव्हायडरने असं करावं हे आरएफसी २८२७ मध्ये २००० सालापासून सांगितलेलं आहे, आणि दोन लाइन असलेल्यांचं काय करायचं याचा विचार २००४ च्या आरएफसी ३७०४ मध्ये आहे. पॅकेट टाकून देताना कुणी कळवत नाही, म्हणून तुम्हाला एरर येत नाही, नुसतं फिरत राहतं.

समजा त्यांनी जाऊ दिलं असतं, तरी बँकेचं उत्तर दुसऱ्या लाइनवर आलं असतं आणि तुमच्याच सर्व्हरने ते टाकलं असण्याची शक्यता होती, कारण लिनक्समध्ये आरपी फिल्टर नावाची तपासणी आहे. ती १ वर असेल तर कर्नल विचारतो, या पाठवणाऱ्याला उत्तर द्यायचं झालं तर मी याच कार्डाने देईन का, आणि नाही म्हटलं की पॅकेट गेलं. म्हणजे अडथळे दोन असू शकतात आणि दोन्ही मुके.

स्नॅटचा सल्ला पुष्कळ जण देतात, म्हणून थोडं थांबून सांगते. स्नॅट पोस्टराउटिंग चेनमध्ये, म्हणजे पॅकेट बाहेर पडतानाच्या शेवटच्या टप्प्यात होतो आणि तोपर्यंत रस्ता ठरून गेलेला असतो. तिथे पत्ता बदलला तरी पॅकेट त्याच कार्डाने जाणार, म्हणजे परत वरचीच अवस्था. आउटपुट चेनमध्ये (सर्व्हरनेच तयार केलेल्या पॅकेटच्या टप्प्यात) मार्क म्हणजे खूण लावून रस्ता बदलता येतो, कर्नल मार्क बघून पुन्हा रूट शोधतो, पण सोर्स पहिल्या वेळी निवडलेला तोच राहतो आणि मग तो दुरुस्त करायला परत स्नॅट लावावा लागतो. चालतं, नाही असं नाही. पण जो प्रोग्राम स्वतः बाइंड करू शकतो त्याच्यासाठी हा द्राविडी प्राणायाम का करायचा? सहा महिन्यांनी दुसरा कोणी सर्व्हर बघायला बसला की त्याला कळत नाही पत्ता नक्की कुठे बदलतोय. मार्क आणि स्नॅट अशा प्रोग्रामसाठी ठेवा ज्यांना सोर्स सांगायची सोयच नाही.

तर करायचं काय. स्क्विडमधली ओळ राहू द्या, पण सगळ्या ट्रॅफिकला लावू नका. बँकेच्या डोमेनचा एक एसीएल (रिक्वेस्ट ओळखायचा नियम) करा आणि आउटगोइंग अ‍ॅड्रेसच्या ओळीत शेवटी त्याचं नाव लिहा, म्हणजे फक्त बँकेच्या रिक्वेस्ट २०३ ने जातील. ३१२९ पोर्टवरून ओळखायचं असेल तर पोर्टला नाव देऊन त्या नावाचाही एसीएल होतो, पण स्क्विड बँकेकडचं उघडं कनेक्शन दुसऱ्या रिक्वेस्टसाठी परत वापरतो, ते कोणत्या क्लायंटसाठी उघडलं होतं हे बघत नाही, म्हणून क्लायंटवरून ठरवणार असाल तर सर्व्हर बाजूची पर्सिस्टंट (उघडी ठेवून परत वापरायची) कनेक्शन बंद ठेवा असं स्क्विडच्याच माहितीपत्रकात सांगितलंय. डोमेनवरून ठरवलं की ही कटकट येत नाही, मी तेच करेन.

मग राउटिंग. दुसऱ्या लाइनसाठी वेगळं राउटिंग टेबल करा, नंबर २०० घ्या. त्यात दोन रूट, एक २०३.०.११३.१६/२९ (दुसऱ्या लाइनचं सबनेट) त्याच कार्डावर, दुसरा डिफॉल्ट, गेटवे २०३.०.११३.१७. आणि एक रूल : आयपी रूल अ‍ॅड फ्रॉम २०३.०.११३.१८ टेबल २००. या रूलचा अर्थ, ज्या पॅकेटचा सोर्स हा असेल त्याने मेन टेबल न बघता २०० बघायचं. मेन टेबलचा रूल ३२७६६ प्रायॉरिटीवर असतो, तुम्ही आकडा दिला नाही तर नवा रूल त्याच्या आधीच बसतो, काळजी नको. पहिल्या लाइनसाठीही टेबल १०० आणि तसाच रूल करून ठेवा, आज गरज नसली तरी, उद्या डिफॉल्ट रूट दुसऱ्या लाइनवर फिरवलात तर १९८ वर आलेल्या कनेक्शनची उत्तरं भलतीकडून जाणार नाहीत.

एक लक्षात घ्या, नुसता रूल घालून स्क्विडमधली ओळ काढली तर परत १९८ च दिसेल, कारण बाइंड न केलेलं सॉकेट रूट शोधायला जातं तेव्हा त्याचा सोर्स कोरा असतो, तेव्हा फ्रॉमचा रूल लागू होत नाही. दोन्ही हवंच.

आता सगळ्यात जास्त लोक अडकतात ती जागा. टेबल २०० मध्ये लॅनचा रूट नाही. तुमच्या अकाउंट्सच्या पीसीने २०३.०.११३.१८ ला, म्हणजे तुम्ही उघडलेल्या ३१२९ पोर्टला कनेक्शन केलं, तर स्क्विडच्या उत्तराचा सोर्स २०३ चा, रूल लागला, टेबल २०० मध्ये लॅन दिसली नाही, डिफॉल्ट दिसला आणि ऑफिसच्या पीसीचं उत्तर दुसऱ्या कंपनीच्या राउटरकडे रवाना. काल चालणारा प्रॉक्सी आज बंद, आणि माणूस रूलला दोष देऊन सगळं पुसून टाकतो. उपाय साधा आहे, दोन्ही टेबलांत १९२.१६८.१०.०/२४ चा रूट लॅन कार्डावर घाला. किंवा सगळ्यांच्या वर एक रूल असा ठेवा की आधी मेन टेबल बघ पण त्यातला डिफॉल्ट सोडून, त्यासाठी सप्रेस प्रीफिक्सलेंथ ० असा पर्याय आहे. लॅन जास्त असतील तर हा दुसरा बरा, परत परत रूट लिहावे लागत नाहीत.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत तरी सांगते, कारण ती जास्त गंभीर आहे. स्क्विडला पब्लिक पत्त्यावर ऐकायला बसवू नका! एसीएलमध्ये जरा चूक झाली की जगभरातले लोक तुमच्या लाइनवरून वाट्टेल ते करतील आणि नाव तुमच्या बँकेने मंजूर केलेल्या पत्त्याचं येईल. ३१२९ असो की ३१२८, फक्त १९२.१६८.१०.५ वर उघडा. ऐकायचा पत्ता आणि बाहेर जायचा पत्ता एकच असायची काही गरज नाही, हेच तर सगळ्या उत्तरात चाललंय.

झालं की तपासा. आयपी रूट गेट, पुढे बँकेचा पत्ता, असं दिलं की कर्नल कोणतं कार्ड आणि कोणता सोर्स घेईल ते दाखवतो, तिथे १९८ आणि पहिली लाइन दिसेल आणि ते बरोबरच आहे. मग त्याच्याच पुढे फ्रॉम २०३.०.११३.१८ जोडून द्या, आता टेबल २०० आणि तिसरं कार्ड दिसायला हवं. तेही दिसलं आणि तरी पोर्टल उघडत नसेल तर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन) तिसऱ्या कार्डावर लावून बघा, सिन (कनेक्शनची पहिली मागणी) जातंय का आणि सिन-अ‍ॅक (तिचं उत्तर) येतंय का. जातंय, येतंय आणि पुढे काही नाही, तर फायरवॉल किंवा आरपी फिल्टर. रूल नीट असेल तर फिल्टर १ वर असूनही पॅकेट पास होतं, कारण उलटी तपासणी करताना कर्नल तुमचाच रूल वापरतो. लोक घाबरून ० करून टाकतात, ते करू नका, फारच अडलं तर २ करा, म्हणजे सोर्सकडे जायला कुठल्यातरी कार्डाने रस्ता असला तरी चालतं. आकडा ऑलचा आणि त्या कार्डाचा असे दोन असतात आणि दोन्हींतला मोठा लागू होतो, फक्त एकच बदलून बसू नका.

हाताने दिलेले रूट आणि रूल रीबूटला उडतात, तेव्हा नेटप्लॅनच्या (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या) फाइलमध्ये त्या कार्डाखाली राउट्स आणि राउटिंग-पॉलिसी अशा दोन्ही जागी लिहून ठेवा. पावसाळ्यात दुसरी लाइन गेली तर बँकेचं पोर्टल बंद पडेल, पहिल्या लाइनने आपोआप जाणार नाही, आणि तसंच असायला हवं, कारण १९८ ला बँक तशीही दारात उभं करणार नाही.

बँकेच्या पोर्टलचा पत्ता कायम एकच असेल आणि त्यांनी तसं लेखी दिलं असेल तर यातलं काहीच न करता मेन टेबलमध्ये त्या एका पत्त्याचा रूट दुसऱ्या गेटवेने घालूनही भागतं, सोर्स आपोआप २०३ चा येतो. पण आजकाल पोर्टलमागचे पत्ते बदलत राहतात, म्हणून मी आधी लांबचा मार्ग सांगितला.

प्रश्न : ताई, मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, इंदूरलाच. प्रोजेक्टसाठी एका सर्व्हरवर एनजिनएक्स रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरून आलेल्या रिक्वेस्ट मागच्या सर्व्हरला, म्हणजे बॅकएन्डला देणारा) लावलाय. एकाच कार्डावर पाच पत्ते आहेत, पाच साइट्स पाच पत्त्यांवर. पण मागच्या बॅकएन्डला सगळ्या रिक्वेस्ट पहिल्याच पत्त्यावरून आलेल्या दिसतात. ज्या पत्त्यावर रिक्वेस्ट आली त्याच पत्त्याने ती पुढे जावी असं करता येतं का?
— एक विद्यार्थी

उत्तर : येतं की. एकाच सबनेटमधले पाच पत्ते एका कार्डावर टाकले की पहिला प्रायमरी होतो आणि बाकीचे सेकंडरी, आणि वर सांगितलं तसं कर्नल प्रायमरी उचलतो, म्हणून तुला एकच दिसतोय. एनजिनएक्समध्ये प्रॉक्सी बाइंड नावाची डायरेक्टिव्ह (सेटिंगची ओळ) आहे, तिला व्हेरिएबल चालतं, तर तिथे सर्व्हर अ‍ॅड्रेसचं व्हेरिएबल दे, म्हणजे डॉलर सर्व्हर अंडरस्कोर अ‍ॅडर. ज्या पत्त्यावर रिक्वेस्ट आली तोच सोर्स होईल. सबनेट एकच, कार्ड एकच, म्हणून तुला रूल-टेबल काही लागणार नाही. क्लाउडवर करशील तर मात्र सर्व्हरला तिथला आतला पत्ता दिसतो, बाहेरचा नाही, तेव्हा बाइंडही आतल्यानेच होईल.

तुझ्या प्रोजेक्टमध्ये लिहिण्यासारखी एक गोष्ट यात आहे. लिनक्समध्ये बाहेर जाणाऱ्या कनेक्शनसाठी पोर्ट ३२७६८ ते ६०९९९ यांतून मिळतात, म्हणजे २८,२३२. एका सोर्स पत्त्यावरून एकाच बॅकएन्डच्या एकाच पोर्टकडे एका वेळी तेवढीच कनेक्शन. प्रॉक्सीने कनेक्शन बंद केलं तरी तो पोर्ट टाइम-वेट नावाच्या अवस्थेत ६० सेकंद अडकून राहतो, म्हणजे कीपअलाइव्ह (तेच कनेक्शन परत वापरायची सोय) नसेल तर सेकंदाला साधारण ४७० नव्या कनेक्शनवर गाडी अडते. पाच पत्ते वाटून वापरलेस तर मर्यादा पाचपट. पण आधी कीपअलाइव्ह लाव रे, पत्ते वाढवायची वेळच येणार नाही बहुतेक.

आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) घेतलंस तर तिथे पत्ता निवडायचे नियम वेगळे आणि बरेच स्पष्ट आहेत, २०१२ च्या आरएफसी ६७२४ मध्ये ओळीने आठ. त्यातला एक फार कामाचा : ज्या पत्त्याचा प्रीफर्ड लाइफटाइम ० केलाय तो डेप्रिकेटेड होतो, त्यावर रिक्वेस्ट येत राहतात पण दुसरा पत्ता असेल तर कर्नल त्याला नव्या कनेक्शनचा सोर्स करत नाही. सर्व्हिसचे पत्ते असे करून एकच बाहेर जायचा ठेवला की काम झालं.

प्रश्न : सुपर कॉरिडॉरवरच्या एका कंपनीत आहे. ऑडिटवाले म्हणतात बॅकएन्डच्या लॉगमध्ये प्रॉक्सीचा नाही, ग्राहकाचा खरा पत्ता दिसला पाहिजे. आमचे सीनिअर म्हणतात प्रॉक्सीने ग्राहकाचाच पत्ता सोर्स म्हणून लावायचा. असं करावं का?
— एक वाचक

उत्तर : करता येतं, पण मी करणार नाही. कर्नल २.६.२८ पासून त्यासाठी टीप्रॉक्सी नावाची सोय आहे, एचएप्रॉक्सी आणि एनजिनएक्स या दोन्ही प्रॉक्सींना परक्या पत्त्याला बाइंड करता येतं. पण बॅकएन्ड उत्तर ग्राहकाच्या पत्त्याकडे पाठवणार, आणि ते प्रॉक्सीमधूनच परत जायला हवं, म्हणजे बॅकएन्डचा गेटवे प्रॉक्सी करावा लागतो, प्रॉक्सीवर मार्क, रूल, लोकल टेबल असं सगळं लागतं, आणि दुसरा प्रॉक्सी जोडायचा म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून. फक्त लॉगसाठी एवढं नको. एक्स-फॉरवर्डेड-फॉर हेडर (प्रॉक्सी रिक्वेस्टमध्ये ग्राहकाचा पत्ता लिहितो ती ओळ) घ्या, आणि एचटीटीपी नसेल तर प्रॉक्सी प्रोटोकॉल, त्यात तोच पत्ता कनेक्शनच्या सुरुवातीला सांगितला जातो. अट एकच, बॅकएन्डने तो हेडर फक्त आपल्या प्रॉक्सीच्या पत्त्यावरून आला तरच खरा मानायचा, नाहीतर कोणीही स्वतः हेडर लिहून पाठवेल. आणि ही अट पाळायची तर प्रॉक्सीचा सोर्स पत्ता ठरलेला हवा, म्हणून तिथे बाइंड जरूर करा. ऑडिटवाल्यांना हे समजावून सांगितलं तर ते ऐकतात, सीनिअरना वेळ लागेल कदाचित.

प्रश्न : पीथमपूरच्या कारखान्यात दोन कार्डांचा डीएनएस सर्व्हर (नावावरून पत्ता सांगणारा) आहे. एका बाजूच्या मशीनवरून डिग या तपासायच्या कमांडने विचारलं तर उत्तर अनएक्स्पेक्टेड सोर्सवरून आलं असं म्हणतो. टीसीपीने विचारलं तर नीट येतं. असं का?
— एक वाचक

उत्तर : टीसीपीत कनेक्शन आलं त्या पत्त्यालाच सॉकेट बांधलेलं असतं, म्हणून उत्तर त्याच पत्त्याने जातं. यूडीपीत, म्हणजे कनेक्शन न करता नुसती पॅकेट पाठवायच्या पद्धतीत, तसं काही नाही. प्रोग्राम सगळ्या पत्त्यांवर मिळून एकच सॉकेट उघडून बसला असेल तर उत्तर पाठवताना कर्नल रूट बघून सोर्स नव्याने निवडतो, आणि तो विचारलेल्या पत्त्यापेक्षा वेगळा निघाला की डिग ते उत्तर घेत नाही, घेऊ पण नये. प्रश्न कोणत्या पत्त्यावर आला हे प्रोग्रामने पॅकेट-इन्फोमधून (पॅकेटसोबत कर्नल देतो त्या माहितीतून) वाचून उत्तराला तोच लावायचा असतो. तुम्ही अनबाउंड हा डीएनएस सर्व्हर वापरत असाल तर इंटरफेसच्या ओळींत शून्याचा पत्ता (०.०.०.०, म्हणजे सगळे पत्ते) न लिहिता प्रत्येक पत्ता वेगळा लिहा, किंवा इंटरफेस-ऑटोमॅटिक येस करा. बाइंड नावाचा डीएनएस सर्व्हर असेल तर तो प्रत्येक पत्त्यावर वेगळं सॉकेट उघडतो, पण नंतर जोडलेला पत्ता त्याने अजून पाहिला नसेल, एकदा रीलोड करून बघा. एवढं करूनही दुसऱ्या कार्डाची उत्तरं पहिल्या कार्डाने जात असतील तर देवास नाक्याच्या उत्तरातलं टेबल आणि रूल इथेही लागेल, दोन्ही कार्डांसाठी.